सुईचा पीळ
१. ‘सुई जरा सैल कर’ : विमानाच्या मॉडेलमधील ग्लो इंजिनात मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल यांचे मिश्रण जळते. कार्बुरेटरची सुई उजवीकडे पिळली की इंधन कमी होते, डावीकडे फिरवली की वाढते. या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळते. म्हणून सुई जास्त आवळली की तेलही कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन-सिलिंडर खराब होतात. जाणकार त्यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडून आधी सर्वाधिक वेग गाठतात, मग सुई किंचित सैल करून तो थोडा उतरवतात. परीक्षा अशी : इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबावी. आवाज जरासा चढून मग पडू लागला तर मिश्रण योग्य. न चढता लगेच पडला तर सुई आणखी सैल हवी. शेवटी विमानाचे नाक आकाशाकडे धरून पाहावे. चढताना इंधन टाकीतून वर ओढावे लागते, मिश्रण विरळ होते आणि जमिनीवर ठणठणीत वाटलेले इंजिन हवेत बंद पडते. सुई नेहमी पंख्याच्या मागे उभे राहूनच फिरवावी. — संपा.