धर्मांतराचे मोल आणि ख्रिस्तसभेचे उत्तरदायित्व

ख्रिस्ताला अनुसरण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या मनुष्याच्या दाखल्यात सांगितले आहे (लूक १४:२८-३०). स्नानसंस्कार ही कृपा आहे; ती विकत मिळत नाही. तथापि ती स्वीकारणाऱ्याला काही गमवावे लागते, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). ते प्रोटेस्टंट पंथातले असले तरी त्यांची साक्ष सर्वच मराठी ख्रिस्ती जनांचा ठेवा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि आप्तस्वकीय दुरावले. या निर्णयाचे ओझे पत्नी लक्ष्मीबाईंनाही वाहावे लागले, ते मात्र स्वतःची निवड नसताना. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे काही काळ पाळले. त्यांचे मन बदलले ते सावकाश, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. टिळकांनी मोल मोजले ते एकदाच नव्हे. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

आजचे मोल निराळे आहे. हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या बाजाराच्या गावी भावकी, सोयरिक, सणवार आणि सुखदुःख एकमेकांत गुंतलेले असतात. तेथे एकाचा निर्णय अवघ्या घराला जाणवतो. कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० अन्वये ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीख बांधवांना तो १९५६ साली व बौद्ध बांधवांना १९९० साली मिळाला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेली मुले सामान्यतः हिंदू नातलगांच्या वारसाहक्कास अपात्र ठरतात.

ख्रिस्तसभेने हे वास्तव लपविलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या १९६५ सालच्या मिशनकार्यविषयक आदेशपत्रात (परिच्छेद १३) नवश्रद्धावंताला जुने संबंध तुटण्याचे दुःख सोसावे लागते, तसाच देवदत्त आनंदही लाभतो, असे म्हटले आहे. त्याच परिच्छेदात बळजबरी वा प्रलोभन यांस सक्त मनाई आहे. म्हणूनच प्रौढांच्या स्नानसंस्कारापूर्वी दीक्षार्थीकाळ असतो. त्या काळात दीक्षार्थी श्रद्धा शिकतो, जीवन तपासतो आणि आपला हेतू पारखून घेतो. घाई करणे हा त्याच्यावर अन्याय होय.

येथे आपण स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. जो माझ्यासाठी घरदार व भाऊबहिणी सोडतो त्याला ती याच काळी शंभरपट मिळतील, असे प्रभूने वचन दिले (मार्क १०:२९-३०). ती मिळणार कोठून? धर्मग्रामातूनच. नवागत पवित्र मिस्सानंतर एकटाच घरी परतत असेल, त्याच्या आजारपणात कोणी फिरकत नसेल, त्याच्या मुलामुलींच्या सोयरिकीच्या वेळी आपल्याला जात आठवत असेल, तर ते वचन आपण अडवून धरतो.

२००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूर जिल्ह्याचा समावेश आहे. येथील विखुरलेल्या कुटुंबांना ही गोष्ट विशेषत्वाने लागू पडते. धर्मपित्याचे व धर्ममातेचे काम केवळ संस्काराच्या दिवसापुरते नाही. तसेच, घरातील जे श्रद्धेत सामील झाले नाहीत त्यांच्याविषयी आदर बाळगणे हेही नवश्रद्धावंताचे कर्तव्य आहे. लक्ष्मीबाईंना वेळ मिळाला. तसा तो प्रत्येक घराला मिळो, हीच आमची प्रार्थना.