वाय-फायची सनावळी



"सिग्नल तर पूर्ण दिसतोय, मग चालत का नाही?" रेल्वे स्टेशन असो, विमानतळ असो की ग्रंथालय, लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. आमच्या वयाची मंडळी मग लॅपटॉप मिटतात आणि म्हणतात, "जाऊ दे, आता हे आपल्याच्याने होणार नाही." माझा आक्षेप आहे तो या वाक्याला.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मुलांना सनावळीचा भारी कंटाळा. पण या वाय-फायच्या बाबतीत सनावळीच उपयोगाला येते, बरं का! यातली प्रत्येक अडचण कुणीतरी, कुठल्यातरी साली, काही कारणाने घेतलेल्या निर्णयातून आली आहे. आपण कुठल्या सालापाशी अडलो आहोत ते ओळखले, की निम्मे काम झाले. आपल्या वयाचा त्यात काही दोष नाही.

पहिले साल १९७१. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे होनोलुलूच्या संगणकाशी तारेशिवाय, रेडिओवरून बोलू लागली. अडचण एकच. सगळ्यांची लहर एक, त्यामुळे दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द वाया. वर्गात चाळीस मुले एकदम उत्तर ओरडतात तेव्हा गुरुजींना काय ऐकू येते? त्यांनी तोड काढली ती अशी : टक्कर झाली तर प्रत्येकाने थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा बोलायचे. किती थांबायचे ते मात्र ज्याचे त्याने चिठ्ठी उचलल्यासारखे ठरवायचे. या पद्धतीत हवेची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते, हेही गणिताने सिद्ध झाले.

१९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले. त्यात 'आधी ऐका, मग बोला' हा नियम आहे, पण हवा तीच, सामायिक. म्हणून फलाटावर गर्दी वाढली की सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसूनही पान उघडत नाही. रेघा सांगतात त्या राउटरचा आवाज किती मोठा येतोय ते. आपली बोलायची पाळी कधी येणार ते त्या सांगत नाहीत.

दुसरे साल १९८५. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने लहरींचे काही पट्टे विनापरवाना वापरायला खुले केले. मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांसाठी ठेवलेले हे पट्टे, इतरांना नकोसेच होते. त्यातलाच एक २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ साली असा मोकळा झाला. कुणाची परवानगी नको, म्हणून वाय-फाय स्वस्त झाले आणि गावोगाव पोचले. पण मोकळ्या मैदानात सगळेच खेळायला येतात. कॉफीच्या दुकानात ओव्हनशेजारच्या टेबलावर वाय-फाय अडखळते ते यामुळे. उपाय साधा : जागा बदला, राउटरच्या जवळ बसा आणि यादीत त्याच नावापुढे '५जी' लिहिलेले दिसले तर ते निवडून पाहा. (हे मोबाइलचे फाइव्ह-जी नव्हे, पाच गिगाहर्ट्झचा पट्टा.)

तिसरे साल १९९३. नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक यंत्राला तात्पुरता पत्ता आपोआप द्यायची पद्धत तेव्हा ठरली. तिला डीएचसीपी म्हणतात. धर्मशाळेची खोलीच म्हणा ना. खोल्या मोजक्या, लहान राउटरकडे साधारण अडीचशे. पाहुणा उठून गेला तरी मुदत संपेपर्यंत खोली त्याच्याच नावावर. मग नव्या माणसाला खोली मिळत नाही आणि बिचारा लॅपटॉप स्वतःच '१६९.२५४' ने सुरू होणारा पत्ता लावून घेतो. नेटवर्कच्या तपशिलात हा आकडा दिसला तर समजावे, की आपल्याला खोली मिळालेलीच नाही. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे. तरीही नाही जमले तर ते नेटवर्क 'विसरून' नव्याने जोडावे.

चौथी अडचण सगळ्यांत चकवणारी. जोडणी झाली, पत्ता मिळाला, पण 'येथे नाव-नंबर भरा' हे पान काही येत नाही. हे पान येते कसे? आपण भलतेच पान मागतो, राउटर वाटेत अडवतो आणि आपले पान पुढे करतो. पूर्वी हे सहज चाले. पण १९९४ च्या सुमारास नेटस्केपने मोहोरबंद पत्रव्यवहार आणला, तो एचटीटीपीएस. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट'ने ती मोहोर फुकट वाटायला सुरुवात केली आणि बहुतेक संकेतस्थळे मोहोरबंद झाली. आता वाटेत कुणी पाकीट बदलले की ब्राउझर ओरडतो, "धोका!" आणि त्याचे बरोबरच आहे. म्हणून अशा वेळी मोहोर नसलेले पान मागावे. 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' हे संकेतस्थळ मुद्दाम याचसाठी आहे. व्हीपीएन असेल तर तेवढ्यापुरते बंद करावे आणि लॅपटॉपचे घड्याळही पाहावे. तारीख चुकली असेल तर खऱ्या मोहोरेवरही संशय घेतला जातो.

शेवटचे साल आपल्या दाराशी घडलेले. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीची ई-मेल गेली होती. तिचा माग निघाला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरातल्या कुलूप नसलेल्या वाय-फायपर्यंत. घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला : सार्वजनिक वाय-फायवर येणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या संकेताने. आपण ज्या ओटीपीची वाट पाहत बसतो त्याचे मूळ हे. परदेशातून आलेल्या भाचरांना बऱ्याच ठिकाणी तो येतच नाही, कारण नंबर भारतीय नसतो. त्यांनी घरातल्या कुणाचा तरी नंबर द्यावा, किंवा विमानतळावर मदत कक्षात पासपोर्ट दाखवून संकेत मागून घ्यावा.

मला खरी चिंता वाटते ती स्वतःचा नंबरच नसलेल्या माणसाची. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलचे मोफत वाय-फाय सुरू झाले आणि पुढे शेकडो स्टेशनांवर पोचले. २०२० मध्ये गूगल बाजूला झाले, रेलटेलने काम पुढे चालवले. एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता याच वाय-फायवर धडे ऐकले आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला, ही बातमी २०१८ ची. त्याच्याकडे फोन होता म्हणून दार उघडले. तिथेच झाडू मारणाऱ्या एखाद्या बाईकडे तो नसेल तर? सानपाड्याची भीती खरी होती, नियमही समजण्यासारखा आहे. पण नियम झाल्यावर दाराबाहेर कोण राहिले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोजायलाच हवे.

असो. तेव्हा पुढच्या वेळी लॅपटॉप मिटण्याआधी एवढेच विचारा : अडलंय ते १९७१, १९८५, १९९३, १९९४ की २००९? आणि यातल्या कुठल्या सालाने तुम्हाला सगळ्यांत जास्त छळले, ते मला अवश्य कळवा.