बाळ लहान, की अपुऱ्या दिवसांचे?

खडकीचे नाव निघाले की ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आपणांस आठवते. लढायांच्या तिथी आपण जपतो. परंतु याच खडकीत घरोघरी जन्मणाऱ्या बाळाच्या पहिल्या श्वासालाही इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

अपुऱ्या दिवसांचे बाळ श्वासासाठी का तडफडते, याचा उलगडा १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी केला. फुप्फुसांतील वायुकोश मिटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध लेप लागतो. तो या बाळांत अपुरा असतो. कारण कळले, पण उपाय नव्हता. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा ३९ तासांतच गेला.

हा लेप जन्मापूर्वी ओळखावा कसा? १९७१ मध्ये लुई ग्लक यांनी गर्भजलातील लेसिथिन व स्फिंगोमायेलिन यांचे प्रमाण मोजले. पहिले दुसऱ्याच्या दुप्पट झाले की फुप्फुसे तयार समजावीत. १९७२ मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी तर गर्भजल मद्यार्कात हलवून फेस टिकतो की नाही, एवढेच पाहिले! त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स व हॉवी यांनी मातेस स्टिरॉइड देऊन अशा बाळांचा श्वासविकार टाळता येतो, हे दाखविले.

आता आपल्याकडे वळू. आपली पुष्कळ बाळे लहान असतात ती दिवस कमी भरले म्हणून नव्हे, तर पोटात पोषण कमी पडले म्हणून. वजनावरून अकालीपणा ठरवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९६१ मध्येच सांगितले होते. तथापि खेड्यांत दिवसांची नोंद कोठून असणार? नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत हे औषध गावपातळीवर देण्याचा प्रयोग झाला. २०१५ च्या अहवालात लहान बाळांचे मृत्यू घटलेले दिसले नाहीत. उलट एकंदर नवजात मृत्यू हजारी २७.४ भरले, इतर गावांत ते २३.९ होते. औषध मिळालेल्या बहुतेक मातांची बाळे लहान नव्हतीच!

पुढे भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस निश्चित करून तेच औषध दिले गेले. २०२० चा निष्कर्ष असा की, औषधाविना २३.५ टक्के बाळे दगावली, औषधाने १९.६ टक्के.

औषध एकच, फरक पडला तो दिवस ठाऊक असण्याने आणि रुग्णालयातील शुश्रूषेने. गर्भजलाची ती तपासणी आज बहुतांशी मागे पडली आहे. म्हणून घरात गोड बातमी कळताच शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवावी आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्यावी. पुढे वेळ आलीच, तर डॉक्टरांचा निर्णय त्या एका तारखेवर उभा राहणार आहे.