तेचा नदीकाठची माणसे



अणुअपघात म्हटला की चेर्नोबिल (१९८६) किंवा फुकुशिमा (२०११) ही नावे आपल्याला आठवतात. परंतु त्यांच्या कितीतरी आधी उरल पर्वताच्या दक्षिण भागात जे घडले, त्याची माहिती आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. त्या मुलुखात रशियनांबरोबर तातार आणि बश्किर मुसलमानांची जुनी वस्ती आहे. शेती, गुरे आणि नदीचे पाणी यांवर त्यांचा संसार चाले.

चेल्याबिन्स्क शहराच्या उत्तरेस, किश्तिम गावाजवळ, सोव्हिएत सरकारने मायाक नावाचा कारखाना उभारला. १९४८ साली तेथील पहिली अणुभट्टी सुरू झाली. अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करणे हे तिचे काम. अमेरिकेची बरोबरी करण्याची घाई इतकी, की घाण कोठे टाकायची याचा विचार मागे पडला. १९४९ ते १९५६ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख घनमीटर किरणोत्सर्गी सांडपाणी तेचा नावाच्या लहानशा नदीत सोडण्यात आले. त्यातील बहुतेक विष १९५० व १९५१ या दोन वर्षांतच वाहून गेले. खालच्या अंगाला सुमारे २८ हजार माणसे राहत होती. तीच नदी पिण्याला, तीच धुण्याला, तीच गुरांना. पूर ओसरला की काठावरचे गवत कापून हिवाळ्यासाठी साठवायचे. दूध त्या गवतावरचेच.

या पाण्यातील स्ट्रॉन्शियम-९० या द्रव्याचा स्वभाव विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते. वाढत्या वयाच्या मुलांची हाडे ते अधिक शोषून घेतात. त्याचा जोर निम्मा व्हायला सुमारे २९ वर्षे लागतात. म्हणजे १९५० मध्ये बारा वर्षांच्या मुलाने प्यालेले पाणी तो चाळिशी ओलांडेपर्यंत त्याच्या हाडांतील मगजावर मारा करीत राहते, आणि रक्त तयार होते ते याच मगजात.

१९५१ पासून डॉक्टरांची पथके गावांत येऊ लागली. रक्त तपासले जाई, नोंदी होत. अंग गळून जाणे, हाडे दुखणे, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होणे अशा तक्रारी असलेल्या नदीकाठच्या सुमारे ९४० जणांना दीर्घकालीन किरणोत्सर्ग-विकार असल्याचे निदान झाले. मात्र ज्याचे रक्त घेतले त्यालाच आजाराचे खरे नाव सांगायची डॉक्टरांना मुभा नव्हती. नदीला कुंपण पडले, पहारेकरी आले. कारण कोणी सांगितले नाही.

त्यातच २९ सप्टेंबर १९५७ रोजी कारखान्यातील अतिकिरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्याच्या एका टाकीची थंड ठेवण्याची यंत्रणा बिघडून टाकीचा स्फोट झाला. स्फोट रासायनिक होता, पण २ कोटी क्युरी इतका किरणोत्सर्ग बाहेर पडला. त्याचा नऊ-दशांश भाग जवळपासच पडला. उरलेला ढग ईशान्येकडे सुमारे ३०० किलोमीटर पसरला. आकाशातील लाली पाहून स्थानिक वर्तमानपत्राने ती ध्रुवीय प्रकाशाची शोभा असल्याचे छापले! बेर्द्यानिश, सात्लिकोवो व गालिकायेवो या अगदी जवळच्या गावांतील हजारावर माणसांना सात ते दहा दिवसांत हलविले. पुढच्या गावांची पाळी यायला आठ महिन्यांपासून पावणेदोन वर्षांपर्यंत वेळ लागला. रशियन काराबोल्का उठविले गेले, शेजारचे तातार काराबोल्का जागेवरच राहिले. तातार गावकरी याचा काय अर्थ लावतात ते सांगायला नको. तरी न्यायाची गोष्ट ही, की पहिल्या आठवड्यात ज्यांना हलविले त्यांत बश्किरही होते.

ही हकीकत जगासमोर आणली ती लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या झोरेस मेदवेदेव या रशियन जीवशास्त्रज्ञाने, १९७६ साली. ब्रिटनच्या अणुऊर्जा मंडळाच्या प्रमुखांनी ती थापच ठरविली. मेदवेदेव यांनी मग रशियातच छापलेले मासे, पक्षी, वनस्पती यांवरील रूक्ष शोधनिबंध चाळले, आणि प्रयोगासाठी एवढी मोठी तळी कोणी मुद्दाम दूषित करणार नाही हे त्यावरून दाखवून दिले. सोव्हिएत सरकारने कबुली दिली ती १९८९ मध्ये.

आता आरोग्याविषयी. तेचाकाठच्या सुमारे ३० हजार लोकांच्या नोंदींचा अभ्यास चेल्याबिन्स्क येथील संशोधन केंद्राने दशकानुदशके चालविला आहे. किरणोत्सर्गाची मात्रा जसजशी वाढते तसतसे कर्करोगाचे प्रमाणही वाढते, असे त्यात आढळले. रक्ताच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास या नदीमुळे झाले असावेत. इतर कर्करोगांत हा वाटा शेकडा दोन-तीनच येतो. गावकऱ्यांना हा आकडा पटत नाही, कारण त्यांच्या घरात प्रत्येक दुखण्याचा दोष नदीवर जातो. आणि एकट्या माणसाचा कर्करोग किरणोत्सर्गाचाच की दुसऱ्या कशाचा, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. हजारोंच्या जन्ममृत्यूची नोंद ताडून पाहिली तरच ते कळते. मंद गतीने, वर्षानुवर्षे होणाऱ्या किरणोत्सर्गाविषयी जगाला आज जे ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग याच शेतकऱ्यांच्या नोंदवह्यांतून आला आहे. त्या वह्या चार दशके त्यांच्याच नजरेआड होत्या.

नदीकाठच्या सुमारे साडेसात हजार लोकांना १९५३ ते १९६१ दरम्यान हलविले गेले. मुस्ल्युमोवो हे मोठे तातार-बश्किर गाव मात्र तेथेच राहिले, आणि तेथील मुले पन्नास वर्षे त्याच नदीकाठी वाढली. २००६ च्या अखेरीस सरकारने कुटुंबांना दहा लाख रुबल किंवा नवे घर यांतून निवड करायला सांगितले. नवी वस्ती जुन्या गावापासून अवघ्या दोनएक किलोमीटरवर बांधण्यात आली.