रुळाची उमेदवारी

दिवाळीच्या सुटीत आमच्या इमारतीच्या अंगणात पोरे किल्ला करू लागली, की माझे वर्तमानपत्रात लक्ष लागत नाही. परवा धाकट्या नातवाने मातीच्या ढिगावर बादलीभर पाणी ओतले, लगेच बुरूज थापला, आणि तो तासाभरात खाली बसला. मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, जरा वाफसा येऊ दे की!" त्याने मान वर करून विचारले, "आजोबा, वाफसा म्हणजे काय?"

शहरातल्या पोराला हा शब्द कुठून ठाऊक असणार? पाऊस पडून गेला की जमीन लगेच पेरायची नसते. चिखल निवळावा लागतो. माती वरून मोकळी आणि आतून ओली झाली, मुठीत दाबली तर गोळा झाला आणि सोडली तर फुटली, म्हणजे वाफसा आला. शब्द शेतकऱ्याचा, पण मला त्याचा पुरा अर्थ कळला तो शेतात नव्हे, मुंबईच्या आझाद मैदानावर, क्रिकेटची खेळपट्टी करायला शिकताना.

आम्ही माणदेशातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, तेव्हा गावच्या एका माणसाच्या ओळखीने मी सोळाव्या वर्षी मुंबईला आलो आणि मैदानावरच्या एका क्लबात माळ्याच्या हाताखाली लागलो. पगार बेताचा, निजायला रुळाशेजारची पत्र्याची शेड. रात्री रात्रशाळा. आमचे मुकादम रत्नागिरीकडचे होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला खेळपट्टीच्या कडेला उभे केले आणि विचारले, "शेतकऱ्याचा पोर ना तू? मग सांग, ही जमीन किती?"

बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद. आपल्याकडे तेहतीस फुटांची साखळी चालते, तिच्या बरोबर दोन साखळ्या लांबी. चौरस तेहतीस फुटांचा गुंठा धरला, तर खेळपट्टी पाऊण गुंठाही भरत नाही. मी तसे सांगितले. मुकादम म्हणाले, "एवढ्याशा जमिनीवर तुझे आयुष्य जाईल, आणि तरी ती कळली असे म्हणता यायचे नाही." तेव्हा मला हे बोलणे मोठेपणाचे वाटले होते.

पहिले वर्षभर रुळाला हात लावायची परवानगी नव्हती. सकाळी झाडायचे, खडे वेचायचे, खुरप्याने तण काढायचे, जाळ्या उभ्या करायच्या, सामन्याच्या दिवशी दोरी धरून फक्की मारायची. खेळपट्टीवर जे गवत राखतात ते दुसरेतिसरे काही नसून हरळी, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शेतात तिच्या नावाने बोटे मोडायची आणि इथे तिला झारीने पाणी घालायचे, याचे मला फार हसू येई. पुढे कळले, की ती मुळांनी खोलवरचे पाणी ओढून घेते आणि खेळपट्टी आतून सुकवते. शिवाय मातीला धरून ठेवते. मुळे मेली की पट्टी ढेकळासारखी फुटते.

खडे वेचण्याचे काम मला कमीपणाचे वाटे. एका रविवारी घाईत मी ते अर्धवट सोडले. दुपारी एका कॉलेजच्या पोराला साधा आखूड टप्प्याचा चेंडू अचानक उसळून तोंडावर लागला. दोन दात गेले, शर्ट रक्ताने भिजला. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धत नव्हती. सगळ्यांनी गोलंदाजाला बोल लावला. संध्याकाळी मुकादमांनी टप्प्याच्या जागी बोट घातले आणि सुपारीएवढा खडा उकरून काढला. ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मला माती चाळायला बसवले. त्या पोराची माफी मागायला मी गेलो नाही. आज पन्नास वर्षांनंतरही ते तोंड मला आठवते.

पुढे इतिहासाची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा जॉर्ज समर्सची हकीकत वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. १८७० च्या जून महिन्यात लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर नॉटिंगहॅमशायरचा हा फलंदाज डोक्याला चेंडू लागून पडला आणि काही दिवसांतच वारला. त्या काळी लॉर्ड्‌सच्या खेळपट्टीची दुष्कीर्ती होती. तीवर खडे सापडत. खरे म्हणजे जगातल्या या सर्वांत नामांकित मैदानाची मशागत पुष्कळ वर्षे मेंढ्यांनी केली. सामन्याच्या आधी मेंढ्या आणून सोडायच्या, त्यांनी गवत कुरतडायचे, की झाले मैदान तयार! गवत कापायचे यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने १८३० सालीच काढले होते. पण लॉर्ड्‌सवर ते यायला आणि कायमचा मैदान-राखणदार नेमला जायला १८६४ साल उजाडले. समर्स गेला तो त्यानंतर सहा वर्षांनी. जमीन सुधारायला यंत्र आणि माणूस आणून भागत नाही, वर्षे जावी लागतात.

इंग्लंडात पुढे या कामाला एक वेगळेच वळण लागले. लॉर्ड्‌सवर पोरवयातच मुलांना मैदानाच्या नोकरीत घ्यायचे. त्यांनी रूळ ओढायचा, झाडलोट करायची, धावफलकाचे कागद विकायचे, आणि उरल्या वेळात सभासदांना गोलंदाजी करत स्वतः खेळ शिकायचा. डेनिस कॉम्प्टन याच वाटेने वर आला. महायुद्धात तो हिंदुस्थानात होता, आणि १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध ब्रेबोर्न स्टेडियमवर नाबाद २४९ धावा काढल्या. जुन्या मुंबईकरांना ती खेळी अजून सांगावीशी वाटते. रूळ ओढणाऱ्या पोराच्या हातात तिकडे बॅटही दिली जाई, एवढे ध्यानात ठेवा. कारण आता जी गोष्ट सांगायची आहे, तीत ती दिली गेली नाही.

ती गोष्ट मी प्रथम मुकादमांच्या तोंडून ऐकली. पुढे रामचंद्र गुहांनी २००२ साली भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात ती तपशिलाने आली आणि बाळू पालवणकरांचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी झाले. पालवणकर मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, जातीने चांभार. वडील फौजेच्या नोकरीत, त्यामुळे बाळूंचा जन्म धारवाडचा, १८७५-७६ च्या सुमाराचा, आणि बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन हे भाऊ खेळत. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात: खेळपट्टी झाडायची, तीवर रूळ फिरवायचा, मधूनमधून सभासदांना जाळीत चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते थोड्या जास्त पगारावर गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथेही रूळ, फक्की, जाळ्या. वर टेनिसच्या मैदानाच्या रेघा मारणे.

पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा मोठा फलंदाज होता. तो इतरांच्या आधी येऊन तासन्‌तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. दर वेळी बाद केल्याबद्दल तो बाळूंना आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, एवढे निश्चित की त्या जाळीत हजारो चेंडू टाकणाऱ्या या माणसाला कोणा साहेबाने कधी फलंदाजी करू दिली नाही. फलंदाजी मालकाची, गोलंदाजी चाकराची.

इतिहासकार या काळाकडे हलक्या चाकरीचा काळ म्हणून पाहतात. दैवाने त्यातून एक गुणी माणूस वर काढला, असा त्यांचा सूर असतो. मी इतिहासकार नव्हे, माळी आहे, आणि मला ते निराळे दिसते. ती चाकरी हीच बाळूंची शाळा होती, असा माझा तर्क आहे. ज्याने रोज पहाटे रूळ ओढला आहे, त्याला खेळपट्टीचा कोणता भाग पाणी धरतो, कोणता आधी सुकतो, कुठे रूळ किंचित उचलतो, हे तळपायाला कळते. फिरकीचा चेंडू जिथे पडायला हवा, ती जागा त्याला रात्री झोपेतही सापडेल. फलंदाज खेळपट्टी पाहतो. माळी ती ओळखतो. बाळू हे दोन्ही होते, आणि म्हणून त्यांच्यापुढे उभे राहणे कठीण होते.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते. असा गोलंदाज हाताशी असताना त्याला घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीच्या कपात मंडपात चहा, आणि बाळूंना बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. ज्या हातांनी झाडलेल्या आणि दाबलेल्या जमिनीवर ही सगळी मंडळी धावत, लोळत, पडत, त्या जमिनीचा विटाळ कोणाला झाला नाही. विटाळ झाला तो कपाचा. हे सांगताना मुकादम आमच्या क्लबाच्या खिडकीकडे बघत. तिथे कट्ट्यावर आम्हा माळ्यांचे चार पेले वेगळे पालथे घातलेले असत. साल १९७३.

आणि मग ते मला डिवचायचे: "आता तुझ्या सातारकरांची गंमत ऐक." साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी पुण्याच्या हिंदूंचा सामना ठरला. बाळूंच्या फिरकीची धास्ती एवढी, की यजमानांनी आपल्या माळ्याला हुकूम दिला: आठवडाभर रूळ फिरव, पट्टी दगड करून टाक. त्याने ती केली. बाळूंनी तरी सात गडी बाद केले आणि हिंदू आरामात जिंकले. मुकादमांचे मत असे, की साहेबाने गोलंदाज ओळखला, माळी ओळखला नाही. कोरडी पट्टी आठवडाभर रगडली तर वरून चकचकीत दिसते, आतून बांधली जात नाही. आणि हे बाळूंना ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

प्लेगच्या दिवसांत, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात शंभरावर बळी मिळवले. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले; बाबासाहेब निवडून आले. रुळाच्या उमेदवारीपासून या उमेदवारीपर्यंत आलेल्या माणसाविषयी मला आदर आहे. त्या निवडणुकीविषयी मी इथे काही बोलत नाही. बाळू १९५५ साली वारले.

खेळपट्टी फसली की माळ्याचे नाव लगेच सगळ्यांना आठवते. नाताळच्या दिवशी, १९९७ साली, इंदूरला भारत-श्रीलंका सामना तीन षटकांत थांबवावा लागला. पुढच्याच महिन्यात जमैकाच्या किंग्स्टनला कसोटी सामना तासाभरात गुंडाळला. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीला पुन्हा तेच. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये मोहम्मद सिराजने आशिया करंडकाच्या अंतिम सामन्यातले आपले बक्षीस कोलंबोच्या मैदानसेवकांना देऊन टाकले, ती बातमी वाचून मी घरात सर्वांना पेढे वाटले. सून म्हणाली, "पप्पा, पैसे तुम्हांला मिळाले का?"

असो. दुसऱ्या वर्षी मी रुळाला लागलो. जड रूळ ओढायला आम्ही सहाजण असू. ओढण्यात काही विद्या नाही, ताकद आहे. विद्या आहे ती कधी ओढायचा यात. आदल्या संध्याकाळी पट्टीला पाणी पाजायचे, पाणी खोल मुरले पाहिजे. सकाळी अंगठा दाबून पाहायचा. माती नखाला चिकटली तर थांबायचे; अशा वेळी रूळ फिरवला तर तो वरचा पापुद्राच उचलून घेतो आणि सगळी मेहनत फुकट. नखाचा वणसुद्धा उठेना झाला, तर वेळ टळून गेली. मग रूळ नुसता वरून घरंगळतो, माती दबत नाही. या दोहोंमध्ये तासाभराची संधी असते. ढगाळ हवा असली तर ती पुढे जाते, समुद्रावरून वारा सुटला तर आधीच येते. घड्याळाने ती सांगता येत नाही. मी पुष्कळदा चुकलो. एकदा पापुद्रा उचलला गेला आणि सामना दोन तास उशिरा सुरू झाला; मुकादमांनी चिटणिसांना सांगितले, "माझा अंदाज चुकला."

तिसऱ्या वर्षी कार्तिकात, मोसमातल्या पहिल्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी, आम्ही सहाजण रुळाला धरून उभे होतो. मुकादम नेहमीप्रमाणे वाकले नाहीत. मला म्हणाले, "आज तू सांग."

मी गुडघ्यावर बसलो. मधोमध अंगठा दाबला, मग दोन्ही टोकांना. मधली माती तयार होती. चर्चगेटकडच्या टोकाला अजून किंचित थंड लागत होती. बाकीचे पाचजण कंटाळून माझ्याकडे बघत होते.

"अजून अर्धा तास," मी म्हटले.

मुकादमांनी रुळाचा दांडा खाली ठेवला, झाडाखाली जाऊन बसले आणि बिडी पेटवली.