माशांआधी जीवाणू : नवी मत्स्यटाकी मुरवण्याची पद्धत

- प्रतिनिधी

मत्स्यटाकीची खरेदी बहुतेक घरांत एकाच पद्धतीने पार पडते. सकाळी टाकी, खडे, पंप, खाद्य आणि मासे यांची एकत्र खरेदी होते, दुपारी टाकीत नळाचे पाणी भरले जाते आणि संध्याकाळी मुले काचेला नाक लावून गोल्डफिशच्या हालचाली पाहत बसतात. चार-सहा दिवसांनी मासे पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकू लागतात, खाद्याला तोंड लावत नाहीत आणि पंधरवडा उलटण्याआधी टाकी ओस पडते. दोष विक्रेत्याला किंवा नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा मासे निरोगी असतात. राहण्यायोग्य नसते ते पाणी. मत्स्यपालनाचा छंद असणाऱ्यांमध्ये हा प्रकार 'न्यू टँक सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो आणि थोडा संयम बाळगल्यास तो पूर्णपणे टाळता येतो.

स्वच्छ पाण्यातील विष

गोड्या पाण्यातील मासे शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो प्रवाहात विरून जातो. काचेच्या चार भिंतींत तो साठत राहतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ दिसत असतानाच माशांचे कल्ले भाजत असतात. पाण्याचे तापमान आणि सामू म्हणजेच पीएच जितका अधिक, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो.

जुन्या टाकीत हे विष निवारण्याचे काम जीवाणू करतात. एका गटाचे जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता हिरावून घेते आणि रक्त तपकिरी पडते. दुसऱ्या गटाचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असून नियमित पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते. नत्रचक्राचा हा भाग टाकीत सुरू होण्यालाच टाकी 'सायकल' होणे किंवा मुरणे असे म्हणतात.

हे जीवाणू सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास प्रथम वेगळे केले. नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो, असे पुढे दीर्घकाळ मानले जात होते. घरगुती टाक्यांत ही भूमिका प्रामुख्याने नायट्रोस्पायरा बजावतो, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराचे प्रकारही २०१५ मध्ये उजेडात आले.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडे आणि काच यांवर ते थर करून राहतात. त्यांची वाढ अतिशय संथ असते. म्हणूनच नवी टाकी मुरण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

माशांविना मुरवण

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत खडे आणि वरची मोकळी जागा वगळता ४५ ते ५० लिटर पाणी मावते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंनाही मारक असल्याने प्रथम ते घालवावे. पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवल्यास क्लोरीन बव्हंशी निघून जाते; घाई असल्यास दुकानांत मिळणारे क्लोरीनरोधक औषध वापरावे. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असेल, तर मात्र केवळ पाणी ठेवून भागत नाही.

यानंतर फिल्टर सुरू करावा आणि तो अहोरात्र चालू ठेवावा, कारण या जीवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो. आता त्यांच्यासाठी अन्न हवे. सुगंध किंवा साबण नसलेले अमोनियाचे द्रावण मिळाल्यास उत्तम. दहा टक्के तीव्रतेच्या द्रावणाचा एक मिलिलीटर ५० लिटर पाण्यात टाकल्यास अमोनियाचे प्रमाण लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम होते आणि तेवढे पुरेसे असते. द्रावण खेळती हवा असलेल्या जागी हाताळावे, मुलांपासून दूर ठेवावे आणि ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये. द्रावण न मिळाल्यास रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून ते कुजू द्यावे. हा मार्ग थोडा अस्वच्छ व बेभरवशाचा असला तरी चालतो.

पुढची प्रगती डोळ्यांना दिसत नाही; त्यासाठी टेस्ट किट आवश्यक आहे. प्रथम अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. त्यानंतर नायट्राइट उतरते व नायट्रेट दिसू लागते. अमोनिया संपत आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. दोन मिलिग्रॅमची मात्रा दिल्यानंतर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे टाकी तयार झाली. त्यानंतर अर्ध्याहून अधिक पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे आणि मासे आणावेत. तेही एकदम नव्हे. डॅनियो किंवा गप्पीसारख्या चार-पाच लहान माशांपासून सुरुवात करून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी संख्या वाढवावी. अधिक घाण करणारा आणि मोठा वाढणारा गोल्डफिश एवढ्या टाकीसाठी योग्य नाही.

हा काळ कमी करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे परिचितांच्या निरोगी, जुन्या टाकीतील फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवणे. बाटलीबंद जीवाणूही मिळतात. मात्र त्यांचा गुण साठवणुकीवर अवलंबून असतो.

मासे आधीच आणले असतील तर

अशा वेळी खाद्य निम्म्याहून कमी करावे आणि रोज चाचणी घ्यावी. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास २५ ते ३० टक्के पाणी क्लोरीनविरहित पाण्याने बदलावे. काही आठवडे हे कष्ट घ्यावे लागतात. पण मासे वाचण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ वाढते.

रविवारची धुलाई टाळा

पहिल्या काही दिवसांत पाणी दुधाळ होते. ते अन्य जीवाणूंच्या तात्पुरत्या वाढीमुळे होते आणि आपोआप निवळते. अनेक जण मात्र घाबरून टाकी रिकामी करतात. दर रविवारी मासे बादलीत काढून, खडे व स्पंज नळाखाली घासून सगळे पाणी नवे भरण्याची पद्धतही आपल्याकडे रूढ आहे. स्वच्छतेच्या हेतूने केलेल्या या धुलाईत जीवाणूंची वसाहत मोठ्या प्रमाणात नष्ट होते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. योग्य पद्धत अशी, की आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घ्यावा.

वीज काही तास गेल्यासही स्पंजातील जीवाणूंना प्राणवायू अपुरा पडतो. भारनियमनाच्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ बाळगणे हिताचे.

मुलांना महिनाभर रिकामी टाकी दाखवणे पालकांना अवघड जाते, हे खरे. त्यावर एक सोपा तोडगा आहे. चाचणीचे आकडे रोज वहीत नोंदवण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. अमोनियाचा आकडा प्रथमच शून्यावर आलेला पाहणे त्यांनाही आवडेल आणि पहिला मासा कधी आणायचा, हे त्या वहीतूनच ठरेल.