मुके भाडेकरू

इंग्रजी स्पेलिंग चुकलं की पोर ढ ठरतं. पण मूळ चूक कुणाची, याची चौकशी कोणी करत नाही. ती करायची तर थेट विलायतेला जावं लागतं, आणि तेही पाचशे वर्षं मागे.

'नाइट' म्हणजे सरदार. सुरुवातीला के, मध्ये जी-एचची जोडी. पोर विचारतं, "ही कशाला?" मास्तर गरजतात, "सायलेंट!" आणि गप्प बसतं ते पोर. वास्तविक ही अक्षरं एके काळी चांगली बोलती होती. जुने इंग्रज घसा खाकरून 'क्निख्त'सारखं काहीतरी म्हणत. पुढे खाकरणं थांबलं. पण १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला होता. हळूहळू छापील रूपं पक्की झाली. उच्चार घर सोडून गेले. अक्षरं पागडीच्या भाडेकरूंसारखी तिथेच राहिली.

कॅक्स्टन आधी बरीच वर्षं ब्रूजला होता. तिथल्या फ्लेमिश भाषेची खोड छापखान्याबरोबर आली आणि इंग्रजी भुताच्या मानगुटीवर एच बसला. आपण त्याला इमानाने 'घोस्ट' म्हणतो; साहेब खुशाल 'गोस्ट' म्हणतो.

मग आले पंडित. 'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पंडितांना लॅटिन 'देबितुम' आठवलं आणि घराणं थोर दिसावं म्हणून त्यांनी बी घुसडला. कर्जातही बडेजाव मिरवायची हौस आपल्याच लग्नसराईत असते असं नाही! 'आयलंड'चं तर कुळच चुकलं. शब्द अस्सल इंग्रजी. पण लॅटिन 'इन्सुला'च्या नात्यातला समजून त्याला एस चिकटवला. १७५५ साली डॉ. जॉन्सनचा कोश निघाला आणि यातल्या बहुतेक भाडेकरूंना पक्की पावती मिळाली.

घर रिकामं करवून घेणारेही निघाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात 'कलर'मधला यू काढला, तो निघाला. 'टंग' मात्र त्याने सरळ टी-यू-एन-जी लिहून दाखवला, तो कुणी घेतला नाही. १९५० साली वारलेल्या बर्नार्ड शॉने निदान ४० अक्षरांच्या नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्या लिपीत त्याचं एक नाटक १९६२ साली छापलंही. लोकांनी कौतुक केलं आणि जुनंच स्पेलिंग चालू ठेवलं.

त्याच १९६२ साली आपल्याकडे शासनमान्य नियम आले आणि मराठीतल्या न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना घर सोडावं लागलं. थोडी कुरकुर झाली. पण शाळकरी पोरांचा केवढा भार उतरला!

इंग्रजीत तसं व्हायची चिन्हं नाहीत. परीक्षा आहे तोवर पाठांतर चुकत नाही. पण 'डेट'मधला बी गाळला म्हणून पोराला ढ म्हणू नये. पंडित यायच्या आधी खुद्द इंग्रजही तो शब्द बी न घालताच लिहीत होते.